हिंगमिरे सर आणि संस्थापकांची उत्तरपूजा

हिंगमिरे सर कुणाला 'नाही' म्हणत नसत. 'हो'सुद्धा म्हणत नसत. मराठीत ते 'बघूया' म्हणत, हिंदीत 'देखते हैं' आणि इंग्रजीत 'नोटेड'. एवढ्या भांडवलावर त्यांनी कुलगुरू म्हणून फरीदाबादच्या पलीकडचं आमचं खासगी विद्यापीठ पाच वर्षं चालवलं. प्राध्यापकांच्या पगारवाढीपासून वसतिगृहाच्या गच्चीवरच्या माकडांपर्यंत प्रत्येक विषय त्यांच्या टेबलावर जायचा, आणि एकदा गेला की तिथेच सुखानं नांदायचा. माकडं कंटाळून आपणहून निघून गेली. ती गोष्ट सर पुढे कितीतरी बैठकांमध्ये आपल्या कार्यपद्धतीचा पुरावा म्हणून सांगत असत.

मी तिथे जनसंपर्क अधिकारी होते. म्हणजे काही बिघडलं की पत्रकारांना 'सगळं सुरळीत आहे' असं सांगणारी बाई. माझी मुलाखत सरांनीच घेतली होती. समोर तीन तज्ज्ञ बसलेले, त्यांनी हिंदी-इंग्रजीतून अर्धा तास मला सोलून काढलं. सर गप्प. शेवटी त्यांनी माझ्या अर्जावरचं आडनाव आणि पत्ता पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि मराठीत विचारलं, "करोल बागेत राहता? मग चकलीची भाजणी कुठे मिळते हो तिथे?" मी म्हटलं, "मिळत नाही सर, आई घरी करते." सरांनी तज्ज्ञांकडे वळून सांगितलं, "कैंडिडेट को ज़मीनी जानकारी बहुत अच्छी है." नोकरी पक्की झाली. आईला मात्र दर दिवाळीला एक डबा जास्तीचा करावा लागला.

सर मूळचे सोलापूरचे. वर्ण गव्हाळ, पोट बेताचं, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच कुणीतरी त्यांना झोपेतून उठवलंय पण त्यांची तक्रार नाही. दिल्लीत त्यांच्या आडनावाचे फार हाल झाले. कुणी 'हिंगमीरा जी' म्हणे, कुणी 'हींग साहब'. सर सगळ्या हाकांना ओ देत. चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणत आणि मराठीत 'तू'. त्यामुळे बैठकीत मोठी मौज व्हायची. "मैडम, प्रेस नोट का क्या हुआ?" असं गंभीरपणे विचारून त्याच सुरात पुढे म्हणायचे, "मृणाल, हा समोरचा माणूस उठणार कधी? मला भूक लागलीय." आमचे रजिस्ट्रार भाटियाजी शेजारी मान डोलावत बसलेले असायचे. सरांच्या निरोप समारंभात ते भाषणाला उभे राहिले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "मला पहिल्या वर्षापासून सगळं समजत होतं." सरांच्या हातातला पुष्पगुच्छ खाली पडला.

सरांचा खरा विश्वास समितीवर. रागावलेला माणूस चार बैठकांपेक्षा जास्त रागावलेला राहूच शकत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि त्या बैठकांना खायला काय ठेवायचं हे ते प्रकरणाचं गांभीर्य पाहून ठरवत. साधी तक्रार असली तर बिस्किटं. दोन विभागांचं भांडण असेल तर समोसे. प्रकरण वर्तमानपत्रात गेलं की कचोरी. त्यामुळे आमच्याकडे 'किती गंभीर आहे?' असं कुणी विचारत नसे, 'कचोरीचं आहे का?' असं विचारत. खेरीज सरांच्या टेबलाच्या खणात शेंगाचटणीची बरणी असायची. ती ते समोशावर घालत, सँडविचमध्ये घालत, आणि घोषणा देत आलेल्या विद्यार्थी नेत्यांच्या तळहातावरही प्रेमानं घालत. पंजाबातून, बिहारमधून आलेली ती पोरं भल्याभल्यांना जुमानत नसत, पण सोलापूरच्या त्या चटणीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग पाणी मागवा, पंखा वाढवा, पाठ थोपटा. तोवर निवेदन कुठल्या कुठे गेलेलं असे.

बसून बोललं की माणूस मागण्या मांडतो आणि चालता चालता बोललं की गप्पा मारतो, हाही त्यांचाच शोध. एकदा वसतिगृहातल्या मुली संध्याकाळी त्यांच्या बंगल्यासमोर ठिय्या देऊन बसल्या. फाटक साडेसातला बंद होतं, ग्रंथालय नऊपर्यंत उघडं असतं, मग आम्ही वाचायचं कधी, असा त्यांचा सरळ प्रश्न. सर चपला घालून बाहेर आले आणि म्हणाले, "चलिए, टहलते हुए बात करते हैं." आख्खा परिसर त्यांनी मुलींना फिरवून आणला. प्रत्येकीचं गाव विचारलं, गावात काय पिकतं ते विचारलं. वसतिगृहाशी परत आले तेव्हा फाटकाला कुलूप होतं. पहारेकरी म्हणाला, "टाइम हो गया साहब. अब गार्जियन की चिट्ठी लगेगी." सर म्हणाले, "अरे भाई, मैं वीसी हूँ." तो म्हणाला, "वो तो ठीक है साहब, पर गार्जियन तो नहीं हैं ना? ऑर्डर आपका ही है." वॉर्डनबाईंचा फोन लागेना. यमुनेकाठचे डास म्हणजे काय चीज आहे हे सरांना त्या तासाभरात मुलींच्या सोबतीनं समजलं. दुसऱ्या दिवशी फाटकाची वेळ दहा झाली. सरांच्या पत्नी शैलाताई म्हणाल्या, "हा निर्णय ह्यांनी नाही घेतला, डासांनी घेतला." शैलाताई केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेल्या, आणि नवऱ्याबद्दल त्यांना कसलाही भ्रम नव्हता. "माझ्याशी लग्न करायचं की नाही हे ठरवायलासुद्धा ह्यांनी दोन मामा आणि एक आत्या अशी समिती नेमली होती. अहवाल अजून आलेला नाही."

असा हा माणूस पुतळ्याच्या भानगडीत सापडला.

आमचे संस्थापक सेठ बनवारीलाल. करोल बागेत मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, त्यातून मानेसरला कारखाना, आणि उतारवयात विद्यापीठ. मुख्य चौकात त्यांचा पूर्णाकृती पुतळा होता, एक हात वर केलेला, जणू बस थांबवतायत. खालच्या चौथऱ्यावर कोरलेलं: 'बंजर भूमि को विद्या का उपवन बनाने वाले कर्मयोगी'. माणूस खरोखरच कष्टाळू असणार. पण ही भूमी बंजर, म्हणजे ओसाड, होती की नाही, हे विचारायला आजवर कुणी गेलं नव्हतं.

कविता नावाची मुलगी गेली, किंवा खरं म्हणजे कविता तिथलीच होती. विद्यापीठाच्या भिंतीला लागून जे गाव आहे तिथली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, अंगानं काडी आणि आवाज खणखणीत; अभ्यास व्हावा म्हणून राहायची मात्र वसतिगृहात. घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. वडील मानेसरला कारखान्यात होते, आणि त्यांनी एका अटीवर तिला शिकायला पाठवलं होतं: कॉलेजातून एकही तक्रार घरी येता कामा नये. पहिली तक्रार आली की शिक्षण बंद आणि लग्न. स्थळ पाहून ठेवलेलं होतं.

नोव्हेंबरात संस्थापक दिन. सकाळी चौथऱ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं सापडलं: 'यह ज़मीन बंजर नहीं थी. यहाँ हमारे गाँव का जोहड़ था.' जोहड़ म्हणजे गावतळं. खाली कवितेनं स्वतःचं नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक लिहिला होता. गुन्हेगारानं एवढी सोय करून दिल्याचं माझ्या नोकरीत दुसरं उदाहरण नाही.

ट्रस्टचे अध्यक्ष, सेठजींचे चिरंजीव, सत्तरीतले 'छोटे सेठजी', फाटकातून आत शिरल्याचा निरोप आला. पुसायला फडकं शोधेपर्यंत गाडी चौकात येणार. भाटियाजी घामाघूम. सर शांतपणे आपल्या गाडीकडे गेले आणि डिकीतून एक सोलापुरी चादर घेऊन आले. ते प्रत्येक प्रमुख पाहुण्याला शालीऐवजी चादरच देत, त्यामुळे डिकीत कायम चार-पाच असायच्या. ही जांभळ्या रंगाची, मोरांची होती. सरांनी ती शिडीवर चढून सेठ बनवारीलालांच्या खांद्यांवरून अशी सोडली की तिचं टोक चौथऱ्यावरच्या खडूच्या ओळींवर बरोब्बर येऊन बसलं.

छोटे सेठजी उतरले. पुतळ्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. "वीसी साहब," ते म्हणाले, "इतने साल में किसी ने बाबूजी को ओढ़ाया नहीं. ठंड आ रही है, आपने सोचा!" आणि त्यांनी सरांना मिठी मारली. सरांनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटले, "मृणाल, वारा सुटला तर मेलो." वारा सुटला. मोर उडाले. खालची अक्षरं सगळ्या मोबाइलांनी टिपली, आणि संध्याकाळपर्यंत दिल्लीभर झालं की कुलगुरूंनी सत्यावर चादर घातली. सर म्हणाले, "कचोरी."

समिती बसली. गावातले लोक आले, मुलं आली, ट्रस्टचा वकील आला. मुलांना पुतळा हलवून हवा होता, गावाला निदान 'बंजर' शब्द खोडून हवा होता आणि ट्रस्टला मुलगी काढून टाकून हवी होती. कचोऱ्या संपल्या, जिलेबी झाली, राग काही उतरेना. एवढंच बरं की निर्णय होत नव्हता, म्हणून कवितेच्या घरी तक्रारीचं पत्रही गेलं नाही. सरांचा सिद्धान्त पहिल्यांदाच पातळ पडला. तेव्हा त्यांनी ठरवलं की नाताळच्या सुट्टीत पुतळा 'डागडुजीसाठी' गुपचूप अतिथिगृहाच्या हिरवळीवर न्यायचा. एकदा तिथे गेला की त्याची डागडुजी निवृत्तीपर्यंत चालू ठेवणं सरांच्या डाव्या हाताचा मळ होता.

पण मजूर हात लावेनात. "साहब, अनावरण में पंडित जी ने पूजा की थी. पूजा वाली मूर्ति हम नहीं हिलाएँगे."

सरांचा चेहरा उजळला. "अरे, मग आपल्याकडे उपाय आहे की! मृणाल, दरवर्षी आपण गणपतीला काय करतो? उत्तरपूजा. अक्षता टाकायच्या, दहीपोह्यांचा नैवेद्य, मूर्ती जागची इतकीशी हलवायची. देव गेले, उरली माती. मग उचला खुशाल." शैलाताई म्हणाल्या, "अहो, हा गणपती नाही, मोटारीचे स्पेअर पार्ट विकणारा माणूस आहे." सर म्हणाले, "विधी तोच. देवता कोण, ते कुणाला कळवू नये."

डिसेंबरातली सकाळ त्यांनी मुद्दाम दाट धुक्याची निवडली. आमच्याकडचं धुकं असं की स्वतःचा हात कोपरापर्यंतच दिसतो. मी ताम्हन धरलेलं, शैलाताईंच्या हातात दहीपोहे, भाटियाजी कानटोपी घालून निरांजन सांभाळतायत, आणि सर शिडीवर, संस्थापकांच्या ब्राँझच्या हातावर दही ठेवतायत. "पुनरागमनाय च," एवढं म्हणून सर दचकले आणि म्हणाले, "हे नको, हे गाळूया." मग त्यांनी अक्षता टाकल्या आणि चार मजुरांना खूण केली. चौघांनी कंबर कसली, 'जय बजरंगबली' म्हटलं आणि सगळं बळ एकवटून रेटा दिला.

पुतळा ब्राँझचा नव्हताच. फायबरचा होता, वरून रंग दिलेला. पण आतून घातलेल्या लोखंडी दांड्यात तो अडकला, हातभर सरकला आणि वाकडा होऊन थेट भाटियाजींच्या मिठीत आला. भाटियाजी निरांजनासकट ओरडले. नेमकं त्याच क्षणी ऊन पडलं आणि धुकं विरलं. समोरच्या मुलांच्या वसतिगृहाच्या गॅलऱ्यांमध्ये, सुट्टीत घरी न गेलेली सगळी पोरं ब्रश तोंडात धरून उभी होती.

उत्तरपूजा म्हणजे काय, हे त्या परिसरात आम्हा तिघांखेरीज कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. लोकांना दिसली ती पूजा. दुपारी मुलांचं पत्रक निघालं: 'गाँव का जोहड़ निगलने वाले की वीसी करते हैं आरती!' संध्याकाळी छोट्या सेठजींचा फोन आला. "वीसी साहब, आप महाराष्ट्र के लोग कितने संस्कारी हैं. अब हर साल होगी बाबूजी की पूजा. हरिद्वार से पंडित आएँगे." हलवण्याबद्दल बोलायची सोय उरली नाही. पुतळा आजही चौथऱ्याच्या मध्यापासून हातभर बाजूला, किंचित कललेला उभा आहे. नवीन मुलांना वाटतं, शिल्पकाराची शैली आहे.

सरांवर हसून हसून माझं पोट दुखायचं त्या दिवसांत. पण नंतर जे झालं त्याला हसता येईना.

फेब्रुवारीत एका सकाळी वसतिगृहातल्या कवितेच्या खोलीच्या दारावर कुणीतरी काळ्या रंगानं लिहून ठेवलं. तिच्याबद्दल, तिच्या आईबद्दल, तिच्या गावातल्या बायकांबद्दल. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. कुलपात डिंक ओतलेला होता आणि पोरगी आत अडकली होती. सुतार बोलावून दार काढावं लागलं. कॅमेऱ्यात मुलगा स्पष्ट दिसत होता. छोट्या सेठजींच्या बहिणीचा नातू, एमबीएला होता.

सर आले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला त्यांची सवय ठाऊक होती. तोंडातून 'देखते हैं' निघणार होतं, ओठांची तशी हालचालही झाली. तेवढ्यात कविता बाहेर आली. केस विस्कटलेले, पण आवाज तोच. ती म्हणाली, "सर, मूर्ति को तो आपने चादर ओढ़ाई थी. मेरे दरवाज़े को क्या ओढ़ाएँगे?"

सर तिथेच तिच्या दाराशी पायरीवर बसले. मग म्हणाले, "बेटा, सामान बाँध लो. परीक्षा तक हमारे घर रहो." शैलाताईंनी तिला आपल्या बंगल्यातली मागची खोली दिली. जेवताना ती जोहडाच्या गोष्टी सांगायची. आजोबांनी ऐकवलेल्या. तिथे म्हशी डुंबायच्या, तिथे गावातल्या मुली गणगौरीच्या मूर्ती सोडायच्या, उन्हाळ्यात तळ दिसायचा तेव्हा माती काढायला आख्खं गाव उतरायचं. सर ऐकायचे आणि तिच्या वाटीत आमटी वाढायचे. आमटी गोड लागते अशी तिची तक्रार होती.

मार्चमध्ये ट्रस्टनं सरांना करोल बागेत बोलावलं. ट्रस्टची कचेरी अजून त्याच जुन्या दुकानाच्या माडीवर होती. त्या गल्लीत गाड्यांचे हॉर्न विकतात, आणि दिल्लीचा माणूस हॉर्न वाजवून पाहिल्याशिवाय घेत नाही. भाटियाजी पुढे आणि आम्ही दोघं मागे असा जिना चढत असताना सर म्हणाले, "मृणाल, मला मुदतवाढ हवीय गं. खोटं कशाला बोलू? मला दीक्षान्ताचा तो झगा आवडतो. लोक उभे राहतात ते आवडतं. बंगल्यातलं लिंबाचं झाडसुद्धा आवडतं." मी म्हटलं, "मग बघूया म्हणा सर. नेहमीसारखं."

छोटे सेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी गरम चहा आणि आलू टिक्की मागवली, शैलाताईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग दोन कागद पुढे ठेवले. एक कवितेला काढून टाकण्याचा आदेश, दुसरा सरांच्या मुदतवाढीचा ठराव. "लड़की को जाने दीजिए, बात ख़त्म. लड़के को हम घर में समझा देंगे, बच्चा है. आप बड़े समझदार हैं वीसी साहब."

सरांनी कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नहीं."

खाली कुणीतरी हॉर्न वाजवून पाहिला. छोटे सेठजी पुढे झुकले. "जी?"

"नहीं," सर म्हणाले, आणि खाली ट्रकचा तो गाणं म्हणणारा लांबलचक हॉर्न सुरू झाला. तो संपेपर्यंत आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत बसलो. सरांच्या कपाळावर घाम आला होता. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द तोंडातून काढला, तर तो ऐकू जाईना. छोटे सेठजी हसून म्हणाले, "हाँ हाँ, देखते हैं, यही ना? मैं समझ गया."

तेव्हा हिंगमिरे सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. "नहीं!" ते इतक्या जोरात ओरडले की खालचा दुकानदार हॉर्न वाजवायचा थांबला. "लड़की कहीं नहीं जाएगी. परीक्षा देगी. लड़का जाएगा, पूरे साल के लिए." भाटियाजींच्या हातातली टिक्की तोंडाशी जाता जाता हवेतच राहिली. छोट्या सेठजींनी सावकाश मुदतवाढीचा कागद उचलला आणि आपल्या खणात ठेवला. "चाय तो पीजिए," ते म्हणाले. सरांनी चहा घेतला. बशीत थेंब सांडला नाही.

जिन्यात त्यांनी माझा दंड धरला. "मृणाल, बातमी आत्ता पाठव. इथे उभी राहून पाठव. मुलगा निलंबित, मुलगी परीक्षेला बसणार. मला संध्याकाळपर्यंत वेळ मिळाला तर मी समिती नेमेन, मला माहितीय." मी त्या पायरीवरच फोनवर टाइप केलं. पाठवल्याचं दिसेपर्यंत ते माझ्या खांद्यावरून डोकावत होते. बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी जलजीऱ्याचे दोन ग्लास एकामागून एक प्यायले आणि म्हणाले, "लोक हे रोज कसं करतात?"

मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की दोन्ही ग्लासांचे पैसे मीच देऊन टाकले.

मे महिन्यात कविता परीक्षा देऊन घरी गेली. जूनमध्ये सरांची मुदत संपली. सोलापूरला परतले, आणि नवे कुलगुरू आले ते सूट घालणारे, झटपट निर्णय घेणारे, ज्यांच्याबद्दल कुणी आठवणीनं काही सांगत नाही.

डिसेंबरातल्या दीक्षान्त समारंभाला मी पत्रकारांना खुर्च्या दाखवत होते. चौकातच मांडव घातलेला, खाली लाल सतरंज्या, कडेला कललेले संस्थापक. पालकांच्या रांगेत मला ओळखीचा कपाळावर चढवलेला चष्मा दिसला. विद्यापीठानं सरांना बोलावलं नव्हतं. प्रत्येक विद्यार्थ्याला घरच्यांसाठी दोन पास मिळतात. कवितेच्या वडिलांची त्या दिवशी कारखान्यात पाळी होती, आणि त्यांनी स्वतःच तिला सांगितलं होतं की माझा पास तुझ्या सोलापूरच्या सरांना पाठव. सर एक दिवस आणि एक रात्र रेल्वेत काढून आले होते. शेजारी कवितेचे आजोबा, पागोटं, हातात काठी, कानानं अधू.

कवितेचं नाव पुकारलं गेलं. झगा तिला पायात येत होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून धरला आणि धावतच मंचावर चढली. आजोबा उभे राहिले, सरही उभे राहिले. बाकी सगळे खाली बसले तरी हे दोघे टाळ्या वाजवत उभेच. मागून कुणीतरी "बैठ जाओ ताऊ" म्हणालं तेव्हा बसले.

मी जवळ गेले होते, म्हणून ऐकू आलं. सरांनी आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाबा, वो जोहड़ कहाँ था?"

म्हाताऱ्यानं काठी उचलली आणि सरांच्या बुटांच्या मधोमध सतरंजीवर टेकवली. "यहीं. जहाँ तू बैठा है. तेरी छाती तक पानी होता."

सरांनी खाली पाहिलं. मग हळूच दोन्ही पाय उचलून पुढच्या खुर्चीच्या दांडीवर ठेवले, आणि समारंभ संपेपर्यंत ते पुन्हा खाली टेकवले नाहीत.